गॉर्डन हॉल याचे मराठी-अध्ययन : मुंबई ते नाशिक (१८१३–१८२६)

१. प्रास्ताविक

परभाषा शिकणाऱ्या माणसाचा इतिहास बहुधा त्याच्या ग्रंथांवरून लिहिला जातो. व्याकरण छापून निघाले, कोश सिद्ध झाला, भाषांतर पूर्ण झाले, म्हणजे त्यामागील अध्ययनाची वर्षे प्रस्तावनेतील दोन ओळींत उरकली जातात. मराठीच्या बाबतीत असेच घडले आहे. विल्यम कॅरी, मोल्सवर्थ, कँडी, स्टीव्हन्सन ही नावे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु ग्रंथकार होण्यापूर्वी या मंडळींना विद्यार्थी व्हावे लागले होते, आणि तेही अशा भाषेचे, की जिच्या शिक्षणाची कोणतीही रूढ सोय त्या काळी परकीयांसाठी नव्हती, याचा विचार क्वचितच होतो.

नाशिक जिल्ह्याशी ज्याचा शेवट निगडित झाला त्या गॉर्डन हॉल या अमेरिकन मिशनऱ्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हॉल याने मराठीचे व्याकरण लिहिले नाही, कोश रचला नाही. त्यामुळे भाषाभ्यासाच्या इतिहासात त्याला स्वतंत्र प्रकरण लाभलेले नाही. तथापि ज्या तेरा वर्षांत तो मराठी शिकला, बोलला आणि लिहू लागला, ती तेरा वर्षे मराठीच्या मुद्रणाची, शालेय गद्याची आणि आधुनिक व्याकरणविचाराची पूर्वतयारी होती. त्याच्या धर्मकार्याचे मूल्यमापन हा येथील विषय नव्हे. एका तरुण परकीयाने मराठी कशी शिकली, त्यात त्याच्या पूर्वशिक्षणाचा उपयोग किती झाला, मराठीच्या घडणीतील कोणती स्थळे अशा विद्यार्थ्याची परीक्षा पाहतात, आणि या शिकण्याच्या मर्यादा कोठे आल्या, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

२. पूर्वशिक्षण

हॉल याचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील टॉलंड या गावी झाला. विल्यम्स कॉलेजातून १८०८ साली पदवी घेतल्यानंतर तो अँडोव्हर येथील धर्मशास्त्र-विद्यालयात दाखल झाला. तेथील शिक्षणाचा पाया ग्रीक, लॅटिन व हिब्रू या प्राचीन भाषांचा होता. पूर्वेकडे जावयाचे निश्चित झाल्यावर हॉल आणि त्याचा सहाध्यायी सॅम्युअल न्यूएल या दोघांनी फिलाडेल्फिया येथे काही काळ वैद्यकाचेही शिक्षण घेतले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील चर्चमध्ये दीक्षाविधी होऊन पाच तरुण हिंदुस्थानच्या वाटेला लागले. हॉल त्यांपैकी एक होता.

या शिक्षणाचा भाषिक अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ग्रीक आणि हिब्रू शिकलेल्या तरुणाला विभक्ती, लिंग, वचन, धातूंची रूपे, एका ग्रंथातील अर्थ दुसऱ्या भाषेत उतरविताना पडणारे पेच, या सर्वांची सवय होती. परंतु ही सवय डोळ्यांची होती, कानाची नव्हती. प्राचीन भाषांचा विद्यार्थी पृष्ठावरील शब्द उलगडतो; त्याला उलट उत्तर देणारे समोर कोणी नसते, त्याचा उच्चार ऐकून हसणारेही कोणी नसते. चूक झाली तर ग्रंथ वाट पाहतो. बाजारात, देवळाच्या ओट्यावर किंवा धर्मशाळेत उभे राहून बोलणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. अमेरिकेत त्या वेळी हिंदुस्थानातील कोणतीही देशभाषा शिकविण्याची व्यवस्था नव्हती. आपण कोणत्या प्रांतात जाणार आणि कोणती भाषा बोलणार, हे जहाजात पाऊल ठेवताना या तरुणांना ठाऊकही नव्हते.

३. मुंबईतील पहिली वर्षे

ऑगस्ट १८१२ मध्ये हॉल कलकत्त्यास पोहोचला, तो प्रतिकूल काळी. ईस्ट इंडिया कंपनीचा आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देण्यास विरोध होता, आणि त्याच सुमारास इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले होते. कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम होताच हॉल आणि सॅम्युअल नॉट यांनी मुंबई गाठली. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले, तेव्हा हॉल अठ्ठावीस वर्षांचा होता. तेथेही त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचे आदेश येऊन पडले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा स्वतः बायबलप्रसाराविषयी सहानुभूती बाळगणारा गृहस्थ होता. परंतु वरिष्ठांच्या आज्ञेपुढे त्याचे हात बांधलेले होते. १८१३ च्या उत्तरार्धात दोघे किनाऱ्याने कोचीनपर्यंत निसटले आणि परत आणले गेले. हॉल याने गव्हर्नरास लेखी निवेदने करून आपली बाजू मांडली, आणि अखेरीस १८१४ साली त्यांना मुंबईत राहण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी न्यूएल येऊन मिळाला. १८१५ साली नॉट प्रकृतीच्या कारणाने परत गेला.

या धामधुमीतच मराठीचा अभ्यास सुरू झाला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आज ना उद्या जहाजावर चढविले जाणार, अशी टांगती तलवार डोक्यावर असताना या मंडळींनी शास्त्री ठेवून धडे घेण्यास प्रारंभ केला. ज्या भाषेचा उपयोग करण्याची परवानगीच नाही, ती शिकण्यात दिवस घालविणे हा एक प्रकारचा जुगार होता. तो यशस्वी झाला, कारण परवानगी मिळाली तेव्हा हॉल मराठीत संभाषण करण्याच्या बेतास आला होता; पुढे थोड्याच काळात मुंबईतील रस्त्यांतून, बाजारांतून व देवळांच्या आवारांतून लोकांशी बोलणे हा त्याचा नित्यक्रम झाला.

साधने मात्र अत्यंत तुटपुंजी होती. कॅरी याचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले होते, आणि त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली मोडी टायपात निघाला होता. रॉबर्ट ड्रमंड याचे गुजराती-मराठी-इंग्रजी व्याकरणविषयक पुस्तक १८०८ साली मुंबईतच छापले गेले होते. व्हॅन्स केनेडी याचा कोश निघावयास १८२४ साल उजाडले. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, स्टीव्हन्सनचे व्याकरण १८३३ चे, आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. म्हणजे ज्या ग्रंथांवाचून पुढील पिढीतील परकीयाला मराठीचे पान हलविता येईनासे झाले, त्यांपैकी बहुतेक ग्रंथ हॉल विद्यार्थी असताना अस्तित्वातच नव्हते.

जी साधने होती त्यांतही एक पेच होता. कॅरी याचा मराठीचा मुख्य साहाय्यक पंडित वैजनाथ हा नागपूरकडचा होता. श्रीरामपूरहून निघालेल्या मराठी पुस्तकांची भाषा त्यामुळे पूर्वेकडील वळणाची होती; मुंबई, कोकण आणि देश येथील कानांना ती परकी वाटणे स्वाभाविक होते. मुंबईच्या अमेरिकन मिशनने श्रीरामपूरच्या भाषांतरावर विसंबून न राहता स्वतंत्र भाषांतर हाती घेतले, याचे एक कारण येथे आहे. नवशिक्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याच्या हातातील पुस्तक एक मराठी सांगत होते, शेजारी बसलेला शास्त्री दुसरी मराठी सांगत होता, आणि खिडकीखालून जाणारा भाजीवाला तिसरीच मराठी बोलत होता. यांपैकी कोणती शिकावयाची, हा निर्णय विद्यार्थ्यालाच करावयाचा होता.

४. मराठीच्या घडणीतील कसोटीची स्थळे

इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा आहे अशा विद्यार्थ्याला मराठी कोठे अडविते, याचे उत्तर भाषेच्या रचनेवरूनच देता येते. कारण ही स्थळे १८१३ साली जशी होती तशीच आजही आहेत.

पहिले स्थळ ध्वनींचे. इंग्रजीतील ट आणि ड हे ध्वनी मराठीच्या दृष्टीने ना धड दंत्य, ना धड मूर्धन्य. शिवाय इंग्रजी बोलणारा शब्दारंभीचा प, ट, क नकळत महाप्राण उच्चारतो आणि अन्यत्र अल्पप्राण. त्यामुळे प्राणभेदाने अर्थभेद होतो ही कल्पनाच त्याच्या कानाला नसते. ‘पात’, ‘पाट’ आणि ‘पाठ’ हे तीन शब्द त्याला प्रथम एकच वाटतात. ‘मूल’ आणि ‘मूळ’ यांतील भेद ळ च्या अभावी हरवतो. याहून अवघड म्हणजे च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार. ‘चार’ ही संख्या आणि गुरांचा ‘चारा’ यांतील च भिन्न आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे जगणे या धातूचे आज्ञार्थी रूप लिहिताना एक, उच्चारताना दोन. लिपी येथे काहीच मदत करीत नाही. पुस्तकावरून शिकलेला मनुष्य या ठिकाणी हटकून पकडला जातो. येथे गुरू केवळ कान हाच होय.

दुसरे स्थळ रूपविचाराचे. ग्रीक आणि लॅटिन शिकलेल्याला विभक्तींचे भय नसते, आणि नेमकी तीच गोष्ट त्याला फसविते. लॅटिनमध्ये प्रत्यय सरळ शब्दाच्या मूळ अंगाला चिकटतो. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द स्वतःच बदलतो. ‘घोडा’चे ‘घोड्या’ आणि ‘मूल’चे ‘मुला’ झाल्यावाचून ‘ला’ लागत नाही. हे सामान्यरूप प्राचीन व्याकरणांच्या चौकटीत बसत नाही, म्हणून विद्यार्थी त्याला विभक्तीतच कोंबू पाहतो. आरंभीच्या युरोपीय व्याकरणकारांची विभक्तिप्रकरणे वाचताना ही ओढाताण जागोजाग जाणवते. मराठीची तीन लिंगेही अशीच फसवी. नपुंसकलिंग ग्रीकमध्ये आहे म्हणून विद्यार्थी निर्धास्त असतो. परंतु ‘भिंत’ स्त्रीलिंगी का, ‘दार’ नपुंसकलिंगी का आणि ‘उंबरठा’ पुल्लिंगी का, याला पाठांतराखेरीज उपाय नाही.

तिसरे स्थळ प्रयोगांचे. ‘मी पोथी वाचतो’ हे शिकलेला विद्यार्थी भूतकाळात ‘मी पोथी वाचलो’ असे बेधडक म्हणतो, कारण क्रियापदाने कर्त्याची साथ सोडून कर्माची साथ धरावी, ही गोष्ट त्याच्या भाषिक संस्कारांना मान्यच नसते. ‘मी पोथी वाचली’ हे अंगवळणी पडते न पडते तोच ‘त्याने मुलाला मारले’ यातील भावे प्रयोग उभा राहतो, जेथे क्रियापद कर्त्याचेही नाही आणि कर्माचेही नाही. या एका प्रकरणावर प्रभुत्व मिळाले की विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढतो, असा परकीयांना मराठी शिकविणाऱ्यांचा अनुभव आहे.

चौथे स्थळ सर्वांत सूक्ष्म, आणि धर्मोपदेशकाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. इंग्रजीत जेथे एकच सर्वनाम आहे तेथे मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन आहेत : एकात श्रोता वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. समोरच्या समुदायाला उद्देशून ‘आम्ही पापी आहोत’ असे म्हणणारा परकीय फक्त स्वतःच्या ज्ञातीची कबुली देतो. ऐकणारे मान डोलावून निघून जातात. ‘आपण पापी आहोत’ असे म्हटले तरच श्रोता त्यात येतो. परंतु हेच वाक्य प्रार्थनेत देवाला उद्देशून उच्चारले, तर देवही पापी ठरतो; आणि ‘आपण’ हे आदरार्थी मध्यमपुरुषाचेही सर्वनाम असल्याने अर्थाचा अनर्थ दुहेरी होतो. म्हणजे प्रवचनात जे रूप हवे ते प्रार्थनेत निषिद्ध, आणि प्रार्थनेत जे हवे ते प्रवचनात निरुपयोगी. एका श्वासात प्रवचनातून प्रार्थनेत शिरणाऱ्या उपदेशकाला हा भेद क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. त्यातच ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची श्रेणी. मामलेदाराला ‘तू’ म्हटल्यास अपमान होतो, परंतु विठोबाला ‘तू’ म्हणणे ही भक्तीची परिसीमा असते. देवाला एकेरी आणि मनुष्याला बहुवचनी संबोधावे, हे मराठी लेकरू आईच्या मांडीवर शिकते. परकीयाला ते जाणीवपूर्वक शिकावे लागते.

पाचवे स्थळ शब्दार्थाचे. ‘धर्म करा’ या शब्दांचा अर्थ रस्त्यावरील मराठी माणसाच्या लेखी ‘भिक्षा घाला’ असा होतो. ‘शुद्ध’ म्हटले की सोवळेओवळे आठवते. ख्रिस्ती मतातील आध्यात्मिक नवजन्माची कल्पना सांगताना ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द हाताशी येतो, आणि तो योजताच चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणजे जे सांगावयाचे त्याच्या नेमके विरुद्ध ऐकले जाते. शब्द माहीत नसणे ही लहान अडचण होय. शब्द माहीत असणे आणि त्यामागील लोकांचा संसार माहीत नसणे ही मोठी. हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी तारण, देव, पवित्र, पाप अशा शब्दांची जी निवड हळूहळू स्थिर केली, तिच्या मागे भाषांतरापेक्षा भाषाशिक्षणच अधिक होते.

५. शास्त्री

या अध्ययनात जो खरा शिक्षक होता त्याचा विचार केल्यावाचून चित्र अपुरे राहील. मिशनांच्या अहवालांत तो बहुधा ‘पंडित’ किंवा ‘ब्राह्मण’ एवढ्याच जातिवाचक नावाने येतो. त्याला वेतन मिळत असे. आपल्या धर्मावर टीका करण्यासाठी जो मनुष्य भाषा शिकत आहे, त्यालाच ती शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. आणि तरीही उच्चार, लिंग, प्रयोग यांच्या बाबतीत विद्यार्थ्याची चूक दाखविणे हे त्याचे कर्तव्य होते. या नात्यात सत्ता एका बाजूला होती आणि ज्ञान दुसऱ्या बाजूला. शास्त्र्याच्या मराठीला संस्कृतचे वजन होते. त्यामुळे त्याच्याकडे शिकलेल्या परकीयाची भाषा सभेत शोभे, पण कुणब्याच्या पडवीत जड होई. शास्त्र्याने जे शिकविले ते बाजारात तपासून घ्यावे, आणि बाजारात जे ऐकले ते शास्त्र्यापुढे ठेवावे, ही दुहेरी पद्धत ज्याने पाळली तोच तरला. हॉल याचा नित्यक्रम पाहता त्याने ती पाळली असे म्हणता येते.

या अनाम शास्त्र्यांशेजारी दुसरे एक मंडळ ठेवून पाहावे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले यांनी सिद्ध केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशातील सुमारे ४०,००० शब्द आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील सुमारे ६०,००० शब्द यांच्यामागेही पंडितांचे परिश्रम आहेत. परकीयाला भाषा शिकविता शिकविता एतद्देशीय विद्वानांना आपल्या भाषेकडे बाहेरून पाहण्याची दृष्टी आली. ‘असे का?’ हा प्रश्न जन्मभाषकाला सहसा पडत नाही. तो विद्यार्थी विचारतो. दादोबा पांडुरंग यांच्या पिढीने मराठीचे व्याकरण मराठीतच लिहिले, त्याची भूमी अशा प्रश्नोत्तरांनी नांगरलेली होती.

६. बोलण्याकडून छापण्याकडे

१८१६ च्या अखेरीस होरेशियो बार्डवेल हा मुद्रणाचे ज्ञान असलेला मिशनरी मुंबईत येऊन मिळाला, आणि १८१७ च्या मार्च महिन्यात मिशनच्या छापखान्यातून आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. यासाठी बाळबोध लिपी योजली गेली. व्यवहारात मोडीचा प्रसार होता आणि कॅरीचा कोश मोडीत होता; तरी मुंबईतील छपाईने बाळबोधाचा मार्ग धरला. मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी होय; र्‍हस्वदीर्घाचा भेद ती मोघम ठेवते आणि संदर्भावर विसंबते. वाचणाऱ्याला, विशेषतः नवशिक्याला, प्रत्येक अक्षर स्पष्ट हवे असते. शाळेतील मूल आणि परकीय विद्यार्थी या दोघांची गरज येथे एकच होती.

या छापखान्याचे परिणाम मिशनच्या हेतूंपलीकडे गेले. गणपत कृष्णाजी यांनी तेथील छपाई पाहून प्रेरणा घेतली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनी टाइपांच्या कामाचे पहिले धडे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याच्या हाताखाली घेतले. धर्मप्रसारासाठी पाडलेली अक्षरे थोड्याच काळात पंचांगे आणि पोथ्या छापू लागली, यात भाषेचा स्वभावच प्रकट झाला.

नव्या कराराचे भाषांतर हे हॉल आणि त्याच्या सोबत्यांचे मुख्य लेखनकार्य होते. १८१८ साली हॉल व न्यूएल यांनी जगाच्या धर्मांतराविषयी इंग्रजीत लिहिलेली पुस्तिका अमेरिकेत पुष्कळ वाचली गेली. परंतु मराठीतील काम हळू आणि किचकट होते. न्यूएल १८२१ च्या मे महिन्यात पटकीने मरण पावला. पुढील चार-पाच वर्षांत आणखी सहकारी गेले. १८२५ साली हॉलची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस गेली. धर्मांतरितांची संख्या नगण्य होती. तेरा वर्षांच्या श्रमांचे दाखविण्याजोगे फळ म्हणजे काही शाळा, काही पुस्तके, आणि आत्मसात केलेली एक भाषा.

७. नाशिकची वाट

नाशिक १८१८ पर्यंत पेशवाईच्या मुलखात होते. इंग्रजी अंमल आल्यानंतर घाटावरील प्रदेश मिशनऱ्यांना खुला झाला. गोदाकाठचे हे क्षेत्र भाषेच्या विद्यार्थ्यासाठी मुंबईहून निराळी कसोटी होती. एकीकडे संस्कृतविद्येची परंपरा असलेला शास्त्रीवर्ग, दुसरीकडे देशावरचा कुणबी, उत्तरेस बागलाण-मालेगावकडील अहिराणी, पश्चिमेस डोंगराळ भागातील कोकणी व डांगी बोली, आणि या सर्वांवर चोहोंकडून येणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ. मुंबईत मिळविलेली मराठी येथे एकाच दिवसात चार प्रकारच्या लोकांपुढे वापरावी लागे.

१८२६ च्या मार्च महिन्याच्या आरंभी हॉल मुंबईहून निघाला आणि नाशिकास पोहोचला. तेथे पटकीची साथ भडकलेली होती. फिलाडेल्फियात शिकलेले वैद्यक त्याच्या उपयोगी पडले. जवळची औषधे त्याने रोग्यांना वाटली, पुस्तिकाही वाटल्या, आणि तो परतीच्या वाटेला लागला. नाशिकहून सुमारे तीस मैलांवर, दोडी-दापूर येथे, एका देवळाच्या पडवीत तो रात्री विसाव्याला पडला. पहाटे त्याला पटकीचा झटका आला, आणि २० मार्च १८२६ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तेथेच त्याचा अंत झाला. सोबत मिशनमधील दोन मुले होती. त्यांनीच त्याला मूठमाती दिली. मुंबई सोडल्यावर ज्यांच्याशी तो बोलला आणि शेवटच्या घटकेला जे भोवती होते, ते सारे मराठीभाषक होते. त्याच वर्षी मिशनच्या भाषांतराचा नवा करार मुंबईत छापून पूर्ण झाला.

८. उत्तरकाळ

हॉलनंतरच्या पिढीची वाट तुलनेने सोपी होती. स्कॉटिश मिशनचा जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आला आणि भाषाभ्यासासाठी मुद्दाम कोकणात हर्णैकडे जाऊन राहिला. इंग्रजी ज्यात कानावर पडणार नाही अशा वस्तीत काही महिने काढल्याने त्याची प्रगती झपाट्याने झाली. हॉलने जी गोष्ट परिस्थितीच्या रेट्याने केली, ती विल्सनने पद्धत म्हणून केली. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकास १८३२ साली ठाणे मांडले. तेथे आलेल्या चार्ल्स पिनहॉर्न फॅरर याचा मुलगा फ्रेडरिक विल्यम फॅरर, जन्म मुंबईचा, १८३१ चा. तो लहानपणीच इंग्लंडला गेला आणि धर्मोपदेशक म्हणून नावाजला. पण त्याने भाषेच्या उत्पत्तीवर आणि भाषाकुलांवरही ग्रंथ लिहिले, आणि या भाषाविषयक कार्यामुळे डार्विनच्या सूचनेवरून १८६६ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पुढे मिशनांनी नवागतांसाठी भाषापरीक्षा सक्तीच्या केल्या. गणपतराव नवलकर यांचे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले इंग्रजी-माध्यमातील मराठी व्याकरण १८६८ साली आणि लँबर्ट यांची मराठी पाठमाला १९४३ साली निघाली. शंभर वर्षांत शास्त्र्याच्या बैठकीची जागा क्रमिक पुस्तकाने घेतली.

तथापि एक मर्यादा या सर्व प्रगतीने ओलांडली नाही, ती म्हणजे छंदाची. गद्यात परकीय मिशनऱ्यांनी बऱ्यापैकी मजल मारली. परंतु इंग्रजी चालींवर बेतलेली त्यांची मराठी गीते मराठी कानाला अवघडलेलीच वाटली, कारण शब्दाचा आघात आणि मात्रांचा हिशेब त्यात जुळत नव्हता. या बाबतीत दोन शतके आधीचा इंग्रज जेज्वित टॉमस स्टीफन्स अपवाद ठरतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या स्टीफन्सने १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. तो ओवीकडे गेला, आपली चाल त्याने ओवीवर लादली नाही. आणि हे साधण्यास त्याला गोव्यात तीन तपांहून अधिक काळ मिळाला होता. हॉलच्या वाट्याला जेमतेम एक तप आले.

नाशिकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे शिकलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची व पदाची वळणे प्राप्त झाली. नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांना शालेय शिक्षण असे लाभले नाही. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’तील गद्य मात्र मराठीतील श्रेष्ठ गद्यांत गणले जाते. ज्या बोलीचा शोध हॉल बाजारात आणि देवळांच्या आवारात घेत होता, ती त्यांच्या घरातच होती.

९. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्राचीन भाषांचे शिक्षण हे जिवंत भाषा शिकण्यास साहाय्यकही आहे आणि अडथळाही. ते चौकट देते, पण त्या चौकटीत न मावणारे पाहू देत नाही. दुसरी, परकीयाचे मराठी-अध्ययन हे एकट्याचे कर्तृत्व नसून विद्यार्थी, शास्त्री आणि रस्त्यावरील माणूस या तिघांचा व्यवहार होता. त्यांपैकी पहिल्याचेच नाव इतिहासाने जपले, हा दोष इतिहासाचा आहे. तिसरी, या व्यवहाराचा लाभ ज्या हेतूने तो आरंभिला गेला त्या हेतूपेक्षा मराठी भाषेला अधिक झाला. हॉलने ज्यांना पटविण्यासाठी मराठी शिकली, त्यांना तो फारसे पटवू शकला नाही. परंतु पटविण्यासाठी भाषा शिकू लागलेल्या माणसाला प्रथम ऐकावे लागते; आणि तेरा वर्षे ऐकत राहिल्याने जे छापखाने, जी पाठ्यपुस्तके आणि जे व्याकरणविषयक प्रश्न निर्माण झाले, ते मराठी भाषकांनी आपल्या कामी लावले. मिशनांच्या दप्तरांचा अभ्यास यापुढे धर्मप्रसाराचा इतिहास म्हणून जसा व्हावा, तसाच भाषाशिक्षणाचा इतिहास म्हणूनही व्हावयास हवा. तसा तो झाल्यास, ‘पंडित’ या एका शब्दामागे दडलेल्या अनेक मराठी शिक्षकांचे ऋण मोजण्याचे काम हाती घेता येईल.